बर्फाची फुलं ठेवा बाजूला, आपण नारळी काठ काढू

कागदावर सोनेरी नक्षी उमटवायच्या हीट पेनचा सेट मागवला की डब्यात सगळ्यात आधी काय दिसतं तर हार्ट. मग त्याच्याहून छोटं हार्ट. मग बर्फाची ती सहा टोकांची नक्षी, एक नाताळचं झाड, जहाजाचा नांगर आणि एबीसीडी. आता मी राहते परभणीत, इथं मे महिन्यात बाहेर 43 डिग्री, बर्फ काय तो उसाच्या रसात बघायचा, आणि समुद्र म्हणाल तर जायकवाडीचं पाणी कॅनॉलला सुटलं की तोच आमचा समुद्र. या ठशांचं मी करू काय? पण त्याच डब्यात कोपऱ्यात तीन टोकं असतात ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, एक बारीक ठिपका, एक पोकळ गोल आणि एक चपटं, छिन्नीसारखं. माझं म्हणणं एवढंच आहे की बाकीचा सगळा डबा कपाटात टाका आणि या तिघांवर काम करा. आईबाबांच्या लग्नाचं जे पान मी स्क्रॅपबुकमधे केलं ते पूर्ण या तीन टोकांवर केलंय, आणि बघणारा प्रत्येक जण त्यातल्या पैठणीच्या काठावर बोट फिरवून विचारतो की हे छापून आणलं का.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेनासारखं दिसणारं छोटं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे विजेवर तापणारी सळई असते, पुढे पितळी टोक स्क्रूसारखं फिरवून बसतं. कागदावर सोनेरी फॉइल ठेवायची, वरून गरम टोक दाबायचं, फॉइल उचलली की जिथं दाबलं तिथंच सोनेरी राहतं. गोंद नाही, शाई नाही, वाळायची वाट बघणं नाही. दोन प्रकारचे पेन मिळतात. एक यूएसबीवर चालणारा, 5 व्होल्टचा, तो फॉइलसाठीच असतो. दुसरा लाकडावर जाळून नक्षी काढायचा, भिंतीच्या प्लगवर चालणारा, तो फार तापतो, त्याला रेग्युलेटर असेल तरच घ्या आणि काटा सगळ्यात खाली ठेवा, कारण फॉइलला साधारण 100 ते 130 डिग्री पुरतं आणि लाकडाचा पेन 400 च्या वरही जातो, मग सोनं कसलं, कागदाला भोक. मी दोन्ही वापरते, ठशासाठी रेग्युलेटरवाला आणि अक्षरांसाठी यूएसबीवाला. यूएसबीवाल्याचा आमच्याकडे वेगळाच फायदा, तो पॉवर बँकवर चालतो, दुपारी लाईट गेली तरी काम थांबत नाही. फक्त काही पॉवर बँक कमी करंट ओढला की आपोआप बंद होतात, तेवढं बघून घ्या.

आणि हो, फॅन बंद. हे वाचून परभणी-नांदेडकडच्या लोकांना घाम फुटला असेल पण इलाज नाही. फॅनच्या वाऱ्याने एक तर फॉइल फडफडते आणि दुसरं म्हणजे ते एवढंसं टोक पटकन गार पडतं, मग अर्धी ओळ चकाचक आणि अर्धी फुटकी. मी सकाळी सहाला बसते. आई चहा घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "काय करायलीस गं एवढ्या पहाटं? जळका वास यायलाय." वास कार्डशीटचा नव्हता, पेन नवीन असला की पहिल्या वेळेस तापताना थोडा वास आणि धूर येतोच, खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं नुसता तापवायचा, मग वापरायला घ्यायचा.

ही पद्धत काही परदेशातून आत्ता आलेली नवलाई नाही बरं का. ज्यांनी कुणी विद्यापीठात थिसिस जमा केलाय त्यांनी काळ्या किंवा मरून बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं बघितलीयेत, ती याचीच मोठी बहीण. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एका बाइंडर काकांकडे मी मुद्दाम तासभर बसले होते. त्यांच्याकडे खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा खण, त्यातून एक एक अक्षर उचलून पितळी दांडीत उलटं जुळवायचं, स्क्रू आवळायचा, दांडी हीटरवर ठेवायची, आणि मग जे करतात ते बघण्यासारखं. दांडी उचलून ओल्या फडक्याला नुसती टेकवतात आणि कान देऊन ऐकतात. जोरात चर्र झालं तर जास्त तापलीय, थांबायचं. बारीक चुर्र झालं की दाबायचं. थर्मामीटर वगैरे काही नाही. मी विचारलं किती वेळ दाबायचं, तर म्हणले, "ताई, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल म्हना अन् उचला. चौथा विठ्ठल म्हनलात की अक्षराचं पोट भरतं." अक्षराचं पोट भरणं म्हणजे ठ, ढ, छ अशा अक्षरांच्या मधली रिकामी जागा पण सोनेरी होऊन जाते, नुसता गोळा दिसतो. मी घरी पण तसंच करते, तीन विठ्ठल. पूर्वी हेच काम चामड्याच्या बाइंडिंगवर अंड्यातला पांढरा भाग लावून, वर खऱ्या सोन्याचा वर्ख ठेवून, गरम ठशाने करायचे. आता अंडंही गेलं आणि सोनंही गेलं.

सोनं गेलं म्हणजे खरंच गेलं, आपल्या फॉइलमधे सोनं औषधालाही नसतं. वरती पॉलिएस्टरची फिल्म, साधारण 12 मायक्रॉनची, तिच्याखाली उष्णतेने सुटणारा एक थर, मग पिवळसर रंगाचं लॅकर, मग अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर की मायक्रॉनचे काही शतांश, आणि सगळ्यात खाली गरम झाल्यावर चिकटणारा गोंद. म्हणजे सोनेरी दिसतंय ते पिवळ्या काचेतून बघितलेलं अॅल्युमिनियम. टोक दाबलं की वरचा थर फिल्मला सोडतो आणि खालचा गोंद कागदाला धरतो, दोन्ही एकाच वेळी. कमी तापलं तर गोंद धरत नाही, जास्त तापलं तर लॅकर मळकट होतं, चमक जाते. एवढं कळलं की मग यूट्यूबवर बघत बसायची गरज राहत नाही, समोर काय बिघडलंय त्यावरून कारण कळतं. आणि यावरूनच रंगीत चकचकीत बाजू नेहमी वर, फिकी बाजू कागदाकडे, हेही कळतं.

एक गोष्ट मात्र विकत घेतानाच बघा. बाजारात टोनर फॉइल नावाने जी मिळते ती लेझर प्रिंटरच्या काळ्या शाईवर लॅमिनेटरमधून चिकटवायची असते, तिचा गोंद टोनरला धरतो, साध्या कागदाला नीट धरत नाही. हीट ट्रान्सफर किंवा हॉट स्टॅम्पिंग फॉइल असं लिहिलेलीच घ्यायची. आमच्याकडे स्टेशनरीवाल्याला फॉइल म्हणलं की तो पोळ्या गुंडाळायची काढून देतो, ऑनलाईनच मागवावी लागते.

आता पान. आईबाबांचं लग्न ऐंशीच्या दशकातलं, सेलूला, आणि आईच्या अंगावर आजीची पैठणी. फोटोत तिचा रंग विटलाय पण साडी अजून कपाटात आहे, मऊ सुती कापडात गुंडाळलेली, राणी रंगाची, नारळी काठ. मी ती साडी पलंगावर पसरून काठ जवळून बघितला, मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितला. काठाच्या आतल्या कडेला त्रिकोणी नारळांची ओळ, एकाला लागून एक, आणि बाहेर जराशी बारीक रेघ. खरी पैठणी असेल तर मागची बाजू पण पुढच्यासारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत, कारण नक्षीचा प्रत्येक धागा हाताने अडकवत विणलेला असतो. हल्ली पैठणी म्हणून येते ती बहुतेक येवल्याची, पैठणला माग आहेत पण कमी. आणि साडीतली स्वस्तातली जरी काय असते माहितीये का? पॉलिएस्टरच्या फिल्मवर अॅल्युमिनियमचा थर देऊन बारीक कापलेली पट्टी. म्हणजे आपल्या फॉइलची सख्खी मावशी! त्यामुळे कागदावर फॉइलने पैठणीचा काठ काढला तर त्यात काही खोटेपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही.

कागद घेतला राणी रंगाचा, 300 जीएसएमची, म्हणजे चांगली जाड, गुळगुळीत कार्डशीट. कागदाबद्दल मी फार हट्टी आहे कारण अर्धं काम तिथंच ठरतं. हातकागद दिसतो छान पण त्याच्या खडबडीत अंगावर सोनं फक्त उंचवट्यांना लागतं आणि खळग्यात लागत नाही, सगळी रेघ खरूज झाल्यासारखी दिसते. ग्लिटर शीट तर नकोच. चार्टपेपर पातळ, मागे ठसा उमटतो. आयव्हरी शीट उत्तम, पण गडद रंगावर सोनं जसं उठतं तसं पांढऱ्यावर उठत नाही, पांढऱ्यावर ते उन्हात बघितलं तरच दिसतं.

काठ आधी ग्राफ पेपरवर आखला. 12 इंचाचं पान, डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत उभा काठ, दोन इंच रुंद, बस. चारही बाजूंनी काढायचा मोह होतो, काढू नका, चारही बाजूंनी काठ काढला की पान लग्नपत्रिका दिसतं आणि फोटो बिचारा पाहुण्यासारखा मधे बसतो. कार्डशीटवर पेन्सिलीने आखायचं नाही, शिसं फॉइलखाली दिसतं आणि तिथं गोंद पण नीट धरत नाही. फॉइलची पट्टी ताणून वॉशी टेपने, म्हणजे कागदी चिकटपट्टीने, दोन्ही टोकांना चिकटवली, सुरकुती राहिली तर ती सुरकुती सोन्यात उतरते. फॉइलच्या खालच्या बाजूला बोट लावायचं नाही, आपल्या घामाचे डाग तिथं सोनं बसू देत नाहीत, मी तर शेजारी कोरडा रुमाल घेऊनच बसते. खाली काय ठेवायचं यावरही खूप जणी चुकीचं सांगतात. टाईलवर डायरेक्ट कागद ठेवला तर ठशाची फक्त एक कड उमटते. टाईलवर चार-पाच साधे कागद, त्यावर कार्डशीट, म्हणजे किंचित दबतं आणि ठसा पूर्ण बसतो. पेनाने रेघ ओढायची असेल तर मात्र कडक पृष्ठभाग चांगला, मऊ असलं की रेघ जाड होते.

चपट्या टोकाने नारळ. एक तिरकी रेघ, दुसरी तिरकी उलटी, वरती एकत्र, की त्रिकोण झाला. त्याच्या पोटात पुन्हा छोटी एक रेघ उभी. टोक रेघेसारखं घासायचं नाही, उचलून ठेवायचं, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल, उचलायचं. दोन त्रिकोणांच्या मधे खाली एक ठिपका. पहिले चार-पाच नारळ वेळ खातात, मग हाताला लय सापडते, आणि मग लक्षात येतं की आपण रांगोळीच काढतोय, हात तसाच चाललाय, आधी ठिपके आणि मग जोडणं. पोकळ गोलाच्या टोकाने काठाच्या बाहेर बांगड्या काढल्या, पैठणीवरच्या बांगडी-मोराच्या नक्षीसारख्या, म्हणजे बांगडीच्या आत खरं तर मोर पायजे, पण ठशाची बांगडी सहा मिलिमीटरची, त्यात मोर काय, मोराचा डोळापण बसत नाही. म्हणून आत एकच ठिपका. लांबून मोरपिसाचा डोळा वाटतो, चालून गेलं.

एक गंमत सांगते, जिथं जिथं तुम्ही दाबलं तिथली फिल्म पारदर्शक होते. म्हणजे किती काम झालं ते फॉइल न काढताच दिसतं, पण त्याच जागी परत दाबलं तर काही नाही होत, माल आधीच उतरलाय. फुटकी रेघ भरायची असेल तर फॉइल थोडी सरकवून नवीन भाग त्यावर आणायचा. आणि वापरलेली पट्टी फेकू नका. ती उन्हात धरली तर नारळांची रिकामी ओळ आणि बाजूला सोनं, उलटा काठ! मी ती दुसऱ्या पानात कापलेल्या खिडकीला मागून चिकटवली.

नंतर नाव. सेटमधे फक्त एबीसीडी असल्यामुळे देवनागरी हातानेच लिहावं लागतं, यूएसबी पेनाने. ट्रेसिंग पेपरवर आधी जेलपेनाने "सेलू" आणि खाली सन लिहिलं, तो कागद फॉइलवर ठेवून वरून गिरवायचं, मधे कागद असल्यामुळे थोडं हळू. आपल्या अक्षरांची खुबी अशी की शिरोरेघ आधी ओढली आणि मग अक्षरं लटकवली तर प्रत्येक जोडाला एक एक जाड थेंब येतो, कारण पेन तिथं दोनदा थांबतो. म्हणून आधी अक्षरांची अंगं, वर केसभर जागा सोडून, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी एका दमात. रेघेला पट्टी लावायची तर स्टीलची, प्लॅस्टिकची वितळते. आणि अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर काकांनी सांगितल्यासारखं पोट भरतंच.

लग्नाची पत्रिका पण त्या पानावर लावलीये. तिच्यावरचा गणपती एकेकाळी सोनेरी होता, आता तपकिरी, जवळजवळ काळा. तेव्हा बऱ्याच छापखान्यांत ओल्या शाईवर सोनेरी पावडर भुरभुरवायचे आणि जास्तीची झटकून टाकायचे, लहानपणी पत्रिका हातात घेतली की बोटांना चमकी लागायची ती तीच. ती पावडर म्हणजे तांबं आणि जस्त, हवेने काळी पडणारच. मैत्रीण म्हणाली की या गणपतीवर नवीन फॉइल मार ना, चकाचक होईल. मी नाही मारली. काळा झालेला गणपती चाळीसेक वर्षं त्या घरात राहिलाय, त्याला आता मेकअप कशाला.

फोटोवर तर फॉइल चुकूनही नको. रंगीत फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो, तो 110 डिग्रीच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे बरोबर आपल्या पेनाच्या टप्प्यात. फोटोला किनार हवी असेल तर मागे वेगळी कार्डशीट लावून तिच्यावर करा. आणि जुना फोटो त्या चिकट पानांच्या अल्बममधे अडकला असेल, जे ऐंशी-नव्वदच्या काळात घरोघरी होते, प्लॅस्टिकचा पडदा उचलला की खाली चिकट पट्टे, तर ओढू नका, फाटतो. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून सरकवत न्या, हळूहळू सुटतो. फोटो लावायला फोटो अडकवायचे चिकट कोपरे वापरा, पांढऱ्या गमने पान पोपडतं.

घरात लहान मुलं असतील तर पेन बंद केल्यावर सुद्धा स्टँडवर उंच ठेवा, पितळ बराच वेळ गरम राहतं आणि दिसताना थंडच दिसतं. टोक बदलायचं असेल तर पूर्ण निवल्यावर, पकडीने. भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं हात धरायचा, टूथपेस्ट आणि हळद नंतर पण नाही.

पान आईला दाखवलं तेव्हा तिने फोटो बघितलाच नाही, आधी काठ मोजला. चष्मा लावून, बोटाने. मग साडी काढून आणली आणि पानाशेजारी धरली. "तुझे नारळ जरा बुटके झालेत," म्हणाली. बरोबर आहे तिचं, साडीतले उभट आहेत, माझ्याकडचं चपटं टोक रुंद आहे, ते कानशीने घासून बारीक करता येईल, पितळ मऊच असतं.

बाबांचा तिसराच विषय. त्यांना काठाबिठाचं काही नाही, त्यांचं म्हणणं वरातीच्या फोटोत मागे त्यांची राजदूत मोटारसायकल उभी आहे तिचं वेगळं पान पायजे, चंदेरी फॉइलमधे, आणि स्पोक मोजून काढायचे. चंदेरी फॉइल मागवलीये. स्पोकसाठी ते चपटं टोकच लागणार, आता घासायच्या आधी राजदूतचं चाक उरकावं का नंतर, एवढाच प्रश्न आहे.